उजवी बाजू देवाची

माणसाच्या आयुष्यात आधी भूतकाळ येतो, मग वर्तमान आणि मग भविष्य. हा क्रम प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही फिरवता आलेला नाही. गुणाजीमामांनी तो एका रविवारी दुपारी, मुलुंडला, टिपणिसांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, बशीतला चहा संपायच्या आत फिरवला.

"खंयसून सुरवात केलंस?" त्यांनी जयंतीला विचारलं.

"डावीकडून," जयंती टिपणीस म्हणाली. "हा पहिला पत्ता भूतकाळ, मधला वर्तमान, शेवटचा भविष्य. असंच असतं मामा."

"असा कोणी सांगल्यान?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तक कोणी लिव्हल्यान?"

जयंतीने पत्त्यांबरोबर आलेलं ते छोटं पुस्तक मागून-पुढून बघितलं. "इंग्रज आहे कुणीतरी."

"मगे!" मामांनी बशी खाली ठेवली. "इंग्रज डाव्या बाजूनच वाचतलो. तेका काय म्हायत?"

जयवंत परब या दोघांच्या मधोमध, टीपॉयवरच्या तीन पत्त्यांकडे बघत बसला होता. प्रश्न त्याचा होता. म्हणजे त्याच्या बायकोच्या हृदयाचा होता, पण पत्त्यांना विचारणारा तो होता, आणि उत्तर काय आलं ते गुरुवारी डॉक्टरांना जाऊन त्यालाच सांगायचं होतं.

जयवंत भांडुपच्या एका औषधाच्या कंपनीत स्टोअरकीपर होता. त्याच्या ताब्यात लाखो गोळ्या असत आणि त्यातली एकही कुणाला द्यावी की नाही हे त्याला कधी ठरवावं लागत नसे. वरून सही आली की द्यायची. अशी नोकरी त्याला मिळाली हा योग. एरवी त्याचं कठीण होतं. हॉटेलात वेटरने "काय आणू?" विचारलं की तो शेजारच्या टेबलाकडे बघून "तेच" म्हणे, आणि नावडता उपमा मुकाट्याने खाई. मुलुंडची जागा सासऱ्यांनी बघितली. सुगंधाशी लग्न करावं हे देवीने सांगितलं.

देवीने म्हणजे अक्षरशः. मालवणकडच्या त्यांच्या गावात कौल लावल्याशिवाय कुणी विहीरसुद्धा खणत नसे. देवीच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. सुगंधाच्या वेळी उजवी पाकळी इतक्या झटकन पडली की कौल लावणाऱ्या गुणाजीमामांना गाऱ्हाणं अर्ध्यावर तोडावं लागलं. मामा गुरवाच्या घराण्यातले आणि सुगंधाचे सख्खे मामा, त्यामुळे पाकळीला त्यांनी पाणी जरा जास्तच लावलं होतं असं गावात काही जण म्हणत. जयवंत म्हणत नसे. उत्तर मिळालं होतं ना!

मग कळलं की सुगंधाला लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता आणि त्याने हृदयाची एक झडप आखडली होती. मूल नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. तोही प्रश्न सुटला. एकोणीस वर्षं दोघं गोळ्यांवर आणि एकमेकांवर बरी चालली होती. पण सत्त्याऐंशी साल उजाडलं आणि सुगंधा भाजी आणताना पाच रस्त्याच्या कोपऱ्यावर दुकानाच्या पायरीवर बसायला लागली. मग ती पायरी तिची ठरावीक जागा झाली. मग भाजी जयवंत आणायला लागला.

टाउनमधल्या मोठ्या हॉस्पिटलात तपासून झाल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरांनी जयवंतला बाजूला घेतलं.

"झडप मोकळी करावी लागेल. ऑपरेशन."

"केलं तर?"

"बरेच पेशंट छान होतात. काहींचं टेबलावर काहीही होऊ शकतं."

"आणि नाही केलं तर?"

"तर असंच चालेल. जितके दिवस चालेल तितके."

"डॉक्टर, तुम्ही काय म्हणता?"

"आम्ही करा म्हणतो. पण निर्णय तुमचा. घरी विचार करा आणि गुरुवारी ओपीडीत येऊन सांगा."

जयवंत गुरुवारी गेला आणि "विचार चालू आहे," असं सांगून आला. पुढच्याही गुरुवारी गेला, तेच सांगितलं, आणि डॉक्टरांनी तिसरा गुरुवार दिला. विचार खरोखरच चालू होता. तो स्टोअरमध्ये चालू असे, जिन्यात चालू असे, दाढी करताना चालू असे. एका गालावर हो वाटे, दुसऱ्या गालापर्यंत नाही होऊन जाई. एकोणीस वर्षं जिच्या हातचं जेवला तिला आपण होऊन टेबलावर निजवायचं, आणि ती उठली नाही तर? आणि नाही म्हणायचं, आणि एक दिवस ती त्या पायरीवरून उठली नाही तर? दोन्हीकडे ती उठत नव्हती, आणि दोन्हीकडे सांगणारा तोच होता.

साहजिकच त्याने घाटकोपरला भटवाडीत जाऊन मामांना कौल लावायला सांगितलं. मामा संपानंतर मिलमधून घरी बसले होते. संप संपून जमाना झाला असं लोक म्हणत, पण मामांच्या लेखी तो अजून चालू होता.

"कौल खंयचो रे जावयबापू," मामा म्हणाले. "देवळाक टाळा लागला असा."

पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा यावरून गावातली दोन मानकरी घराणी कोर्टात गेली होती. निकाल लागेपर्यंत पालखी नाही, गाऱ्हाणं नाही, कौल नाही. देवी आत आणि किल्ली तालुक्याला.

"मग देवी आता कुणाला काय सांगतच नाही?"

"सांगता आसात. पण आयकतलो कोण, कुलपातसून?"

अशा वेळी तिसऱ्या मजल्यावरून जयंती धावून आली. जयंतीचा नवरा विद्याधर जहाजावर इंजिनियर होता आणि वर्षातले नऊ महिने समुद्रावर असे. येताना तो परफ्यूम, चीज आणि अपराधी चेहरा घेऊन येई. मागच्या खेपेला त्याने जिनोआ बंदरातून टॅरोचे पत्ते आणले होते. तिकडचे म्हातारे संध्याकाळी या पत्त्यांनी चक्क रमीसारखं काहीतरी खेळतात असं तो म्हणाला होता, पण हे जयंतीने बिल्डिंगमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. बिल्डिंगला तिने पुस्तक दाखवलं होतं. तळमजल्यावरच्या कामतांच्या मुलीचं लग्न जमेल असं तिने सांगितलं आणि ते जमलं. मंगळवारी पाणी येणार नाही असं सांगितलं आणि ते आलं नाही. दुसऱ्या भाकिताने तिचा दबदबा जास्त वाढला.

"भावजी, एवढं काय टेन्शन घेता?" ती जयवंतला म्हणाली होती. "रविवारी या. तीन पत्ते काढू. हो का नाही, लगेच कळतं."

जयवंतने मामांनाही बोलावून घेतलं. देवी इटलीच्या पत्त्यांत येईल की नाही याची त्याला खात्री नव्हती. निदान ओळखीचं कुणीतरी बरोबर असावं.

आता ते तीन पत्ते टीपॉयवर होते. पलीकडे दिवाणावर जयंती बसली होती. रविवार असल्याने तिने केसांना मेंदी थापून वर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली होती. अलीकडे दोन खुर्च्यांत जयवंत आणि मामा. जयंतीच्या डाव्या हाताला घोड्यावर बसलेला सांगाडा, मध्ये एका पायाने झाडाला उलटा टांगलेला माणूस आणि उजव्या हाताला सूर्य.

"सोप्पं आहे," जयंतीने पुन्हा सांगितलं. "भूतकाळात सांगाडा. म्हणजे आजारपण. ते होऊन गेलं. आत्ता हा टांगलेला. आणि भविष्यात सूर्य. करा ऑपरेशन! झकास होणार सगळं."

जयवंतच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. ते पूर्ण उतरायच्या आत मामा बोलले.

"उजव्या अंगान वाच."

"काय?"

"सगळा उजव्यानच सुरू होता. परदक्षिणा उजवी, पाऊल उजवा, कौल उजवो. डाव्यान सुरवात केलंस तर देव उत्तर देता काय?"

"अहो पण उजवीकडून वाचलं तर सूर्य भूतकाळात जातो," जयंती म्हणाली, "आणि सांगाडा—"

सांगाडा कुठे जातो ते सगळ्यांनाच दिसत होतं.

"ऑपरेशन करू नको म्हणून सांगता ती," मामा म्हणाले. मामांना त्यात आनंद होता असं नाही. भाचीवर त्यांचा जीव होता. पण पद्धत ती पद्धत.

जयवंतच्या डोक्यात एवढ्यात एक गोष्ट आली. अशा गोष्टी त्याच्या डोक्यात क्वचित येत, त्यामुळे तो खुर्चीतल्या खुर्चीत पुढे सरकला. "मामा, पण आपण समोर बसलोय. आपल्या उजव्या हाताला सांगाडाच आहे! आपल्या उजवीकडून वाचलं तरी सांगाडा पहिला आणि सूर्य शेवटी. वहिनींचं नि तुमचं एकच येतं."

"बघा!" जयंती म्हणाली.

मामांनी त्याच्याकडे करुणेने बघितलं. "जावयबापू, कौलात उजवो तुझो नाय. देवीचो. देवी आपल्या म्होरे बसता आणि तिचो उजवो तो उजवो. माणसान आपलो उजवो धरलो तर कौल उलटो पडता. आमच्या आज्याच्या वेळेक एकान असाच केल्यान, आणि नको त्या पोरीशी लगीन करून बसलो."

"तिचं काय वाईट झालं?" जयंतीने विचारलं.

"तिचा नाय. तेचा."

"बरं, ते जाऊ दे. पण इथे देव कोण?"

हा प्रश्न जयंतीने विचारला नव्हता. तो दारातून आला होता. तिघांनी वळून बघितलं. दाराच्या चौकटीला एका हाताने धरून सुगंधा उभी होती. परब पहिल्या मजल्यावर राहत. दोन मजल्यांचा जिना ती एकटी चढून आली होती. शेवटचं वाक्य बोलायला तिने दम साठवून ठेवला असावा, कारण त्यानंतर तिच्याकडे काही उरलं नाही. ओठांचा रंग गेला होता आणि गळ्याजवळ एक शीर एकटीच पळत होती.

"अगं, तू कशाला आलीस?" जयवंत उठला आणि तिथेच उभा राहिला. तिला आत आणावं, की तिथेच बसवावं, की पाणी द्यावं? जयंती मेंदीच्या हातांनी धावली. मामांनी आपली खुर्ची दाराशी नेऊन ठेवली.

सुगंधा बसली. बराच वेळ फक्त तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "चहाला... खाली येताय का... विचारायला आले. किती वेळ झाला."

"हाक मारायचीस ना गं जिन्यातून," जयंती म्हणाली.

"हाक मारायला पण तेवढाच दम लागतो."

मामा मात्र सुरू झालेलं काम अर्धवट टाकणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी दिवाणावरच्या मोकळ्या जागेकडे, जिथे मघापर्यंत जयंती होती तिकडे, बोट दाखवलं. "कौलात म्होरे बसता तो देव. हयसर ही बसलेली."

"मी?" जयंतीचा हात डोक्यावरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे गेला. "मामा, उगाच माझ्यावर नका ढकलू हं. मी नुसते पत्ते मांडते."

"गुरव पण नुसत्यो पाकळ्यो लावता गो. म्हणान काय झाला?"

आणि मामांनी हात जोडून, डोळे मिटून त्या रिकाम्या दिवाणाला गाऱ्हाणं घातलं. "बाय माऊले, टाळा माणसांनी लावलानी, तू लावूक नाय. ह्या पोरीचा काय ता उजव्यान दाखव. काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जयवंत सवयीने म्हणाला. खालच्या मजल्यावर कुणीतरी रेडिओ लावला. पत्ते होते तिथेच होते.

सुगंधा दारातल्या खुर्चीवरून, म्हणजे टीपॉयच्या बाजूने, पत्त्यांकडे बघत होती. जयंतीच्या बाजूने तो मधला माणूस उलटा टांगलेला होता. जयवंतला समोरून तो सरळ, एका पायावर उभा राहून नाचल्यासारखा दिसत होता, आणि मघापासून त्याला मनातल्या मनात त्याचा जरा हेवा वाटत होता.

"हा मधला कोण?" सुगंधाने विचारलं. "आडवा झोपलाय तो?"

जयंतीने पत्ते गोळा केले.

सोमवारी संध्याकाळी जयवंत तिच्यासमोर मेथी निवडायला बसला. मेथी निवडण्यात एक बरं असतं, तोंडाकडे बघावं लागत नाही.

"सुगंधा, तुला काय वाटतं? ऑपरेशनचं?"

ती हसली. हसतानाही आता ती मोजूनमापून हसत असे. "अहो, तुम्ही डॉक्टरला विचारलंत, मामांना विचारलंत, इटलीला विचारलंत. मला वाटलं, माझा नंबर पुढच्या महिन्यात येणार."

"तसं नाही गं."

"तसंच आहे." तिने एक जून काडी बाजूला टाकली. "लग्नाच्या वेळी मामांनी पाकळीला पाणी जास्त लावलं होतं, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"लोक म्हणतात."

"मीच सांगितलं होतं त्यांना. म्हटलं, मामा, भरपूर भिजवा, घसरली पाहिजे. तुम्ही मला आवडला होतात. देऊळभर लोकांत एकटेच असे उभे होतात, की उत्तर काय का येईना, तुमचं काही म्हणणंच नाही."

जयवंतने निवडलेली पानं पुन्हा एकदा निवडली. त्याचे कान गरम झाले होते. देवीच्या एकोणीस वर्षांपूर्वीच्या उत्तरामागे असं काही असेल हे त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि वाईट वाटायला हवं होतं तिथे भलतंच बरं वाटत होतं.

"मग आता?" तो म्हणाला.

"आता काय? मला वरती जाता आलं पाहिजे. जयंतीकडे कलर टीव्ही आहे. शनिवारचा पिक्चर मला रंगीत बघायचाय. एवढंच. त्यासाठी जे काय करायचं ते करा."

"टेबलावर काही झालं तर?"

"तर ते मला होईल ना? तुम्ही कशाला घाबरता?" मग ती म्हणाली, "मी पण घाबरते. पण जिना चढताना जास्त घाबरते."

त्या मेथीच्या जुडीशेजारी, वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी, जयवंत परबने आयुष्यातला पहिला निर्णय घेतला. हो म्हणायचं. मंगळवार, बुधवार तो स्टोअरच्या रॅकमागे उभा राहून सराव करत होता. "डॉक्टर, हो." हे फार तुटक वाटलं. "डॉक्टर, आम्ही विचार केला. करून टाका." यात जबाबदारी निसटती होती. शेवटी "डॉक्टर, ऑपरेशन करायचं. मी सांगतोय," हे पक्कं झालं. "मी सांगतोय" वर तो थोडा जोर देई. शेजारच्या डिस्पॅचवाल्याने विचारलं, "परब, कुणाला दम देताय यार?"

गुरुवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. ओपीडीत नंबर लागायला बारा वाजले. आत गेला तर टेबलामागे दुसरेच डॉक्टर. आधीच्यांची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली होती.

"डॉक्टर, ऑपरेशन करायचं. मी सांगतोय."

डॉक्टरांनी सुगंधाचे कागद चाळले. "ठरलंय ना. नाव घातलेलं आहे."

"कुणी घातलं?"

"आधीच्या डॉक्टरांनी. तपासलं त्याच दिवशी. रांग मोठी असते, म्हणून आम्ही आधीच घालून ठेवतो."

"पण ते म्हणाले होते, विचार करून सांगा."

"हां, मग सांगितलंत ना. छान." त्यांनी कागद उलटला. "हिचा नंबर येईल... पुढच्या वर्षी. दिवाळीनंतर."

"पुढच्या वर्षी?"

"बेड नसतात हो. इमर्जन्सीच्या केसेस मध्येच घुसतात. काय करणार?"

जयवंत उभाच राहिला. इतक्या तयारीने आणलेला होकार हातात तसाच होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. "आणि मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर नाव कापलं असतं. कापायचंय?"

"नाही, नाही."

"मग झालं तर," असं म्हणून डॉक्टरांनी पुढच्याला हाक मारायला सांगितलं.

घरी सुगंधा दारातच होती. "काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

"अहो, हो तुम्ही म्हणायचं होतं."

"मी पण म्हटलं."

गुणाजीमामांच्या मते हा देवीनेच काढलेला मार्ग होता. टाळं उघडेपर्यंत तिने ऑपरेशन पुढे ढकललं होतं. जयंती त्या संध्याकाळी पुस्तक घेऊन खाली आली. "भावजी, तो टांगलेला माणूस. त्याचा अर्थ दिलाय इथे. थांबणं. वाट बघणं. आपण दोन टोकांवरून एवढं भांडलो, आणि मधला पत्ता दोन्हीकडून मधलाच होता की हो." ती हे काहीतरी सापडल्याच्या सुरात म्हणाली, आणि मग जयवंतचा चेहरा बघून पुस्तक मिटून टाकलं. नंतर तिने कुणाचे पत्ते काढले नाहीत. मंगळवारी पाणी येईल का, एवढंसुद्धा तिने कुणाला सांगितलं नाही.

वाट बघायला जयवंतला कुणी शिकवावं लागलं नाही. पण एक फरक पडला होता. ज्याला होकाराची चटक लागते तो एका होकारावर थांबत नाही. त्याने सोसायटीला न विचारता जिन्याच्या प्रत्येक वळणावर एकेक स्टूल आणून ठेवलं. दर शनिवारी संध्याकाळी पाचला निघून, प्रत्येक स्टुलावर बसत, दोघं पिक्चर सुरू व्हायच्या आत तिसऱ्या मजल्यावर पोचत. सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्टुलांवर हरकत घेतली तेव्हा जयवंत "राहू दे," म्हणाला, आणि ती राहिली. हळूहळू बाकीचेही बसायला लागले. बायका भाजीची पिशवी टेकवायला लागल्या. दोन स्टुलांच्या मध्ये सुगंधाला बिल्डिंगमधल्या सगळ्या बातम्या कळत.

"बरं झालं तुम्ही लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये जागा घेतली नाहीत," ती एकदा म्हणाली.

"मी कुठे घेतली? तुझ्या वडिलांनी घेतली."

"हो, तेही खरंच."

रंगीत पिक्चरबद्दल तिचं मत वाईट झालं. एकाच गाण्यात नायिकेच्या साड्या किती बदलतात ते ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कळत नव्हतं, म्हणून बरं होतं, असं ती म्हणे. तरी शनिवार चुकवत नसे.

पावसाळ्यात तिसऱ्या मजल्याऐवजी दुसऱ्यापर्यंतच जाता यायला लागलं, आणि जयंतीने टीव्हीचा आवाज मोठा केला. दुसऱ्या मजल्याच्या स्टुलावर बसून सुगंधा पिक्चर ऐके. मग तेही थांबलं. जयवंत दोनदा हॉस्पिटलात जाऊन आला; नंबर आधी घेता येईल का विचारलं. बेड नव्हते. कंपनीच्या डॉक्टरांकडून ओळख काढली. त्या ओळखीचे साहेब अमेरिकेत होते. खाजगीत चौकशी केली आणि आकडा ऐकून परत आला. हे सगळं त्याने कुणालाही न विचारता, आपण होऊन केलं. निर्णय घेणं एकदा जमायला लागल्यावर लक्षात येतं की त्याच्यापुढचं काहीच आपल्या हातात नसतं.

फेब्रुवारीत एका दुपारी सुगंधा मटार सोलायला बसली आणि अर्धे सोलून गेली. जयवंत भांडुपला होता. जयंती खाली आली तेव्हा रेडिओ चालू होता. मामा घाटकोपरहून आले तेव्हा जयवंत भांडुपहून येऊन तिचा हात हातात धरून बसला होता. मामांनी गाऱ्हाणं घातलं नाही. ते दाराशी उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "पाणी मी जास्त लावलंय ना रे तेव्हा." जयवंत म्हणाला, "बरं केलंत मामा."

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात, सुगंधाच्या नंबराच्या दिवशी, जयवंतने अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि टाउनमधल्या हॉस्पिटलात गेला. एवढी माणसं ताटकळलेली, एक जागा फुकट जाऊ नये, आपण सांगितलं तर दुसऱ्या कुणाचा नंबर तरी लागेल, एवढंच त्याच्या मनात होतं. इस्त्रीचा शर्ट घालून तो बाकावर बसला. शेजारी एक बाई होती, तिच्या मांडीवर डोकं ठेवून तिची मोठी मुलगी. मुलीचे ओठ त्याच्या ओळखीच्या रंगाचे होते.

दाराशी उभा असलेला वॉर्डबॉय नावं पुकारत होता. "सुगंधा परब."

जयवंत उठून त्याच्याजवळ गेला. "ती नाही. फेब्रुवारीत वारली. तेवढंच सांगायला आलो होतो, दुसऱ्या कुणाला तरी घ्या."

"ते सांगायला यावं लागत नाही," वॉर्डबॉय म्हणाला. "तीनदा पुकारतो आम्ही. कोण उठलं नाही की पुढचा नंबर घेतो."

मग नियमाप्रमाणे त्याने सुगंधा परब हे नाव आणखी दोनदा पुकारलं.